पझेस्डचा 'सेव्हन चर्चेस' शनिवारी लावू की रविवारी?

डोंबिवली_ड्रम्स

नमस्कार मंडळी. पझेस्ड या अमेरिकन बँडचा 'सेव्हन चर्चेस' हा अल्बम तुम्ही थ्रॅशमध्ये धरता की डेथ मेटलमध्ये (दोन्ही हेवी मेटलचेच वेगवान प्रकार)? मला येत्या आठवड्यात ठरवायचंय, म्हणून विचारतोय.

मी डोंबिवलीत ड्रम्स शिकवतो. दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत क्लासच्या मुलांना घेऊन दोन दिवस नुसतं ऐकायला बसतो. ड्रमसेटवर चादर टाकतो, स्टिक्सना कोणी हात लावायचा नाही. अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत सलग ऐकायचा, मधे उठायचं नाही, संपला की बोलायचं. यंदा शनिवार थ्रॅशला दिलाय आणि रविवार डेथ मेटलला. शनिवारी स्लेयरचा 'हेल अवेट्स', डार्क एंजलचा 'डार्कनेस डिसेंड्स', क्रिएटरचा 'प्लेझर टू किल'. रविवारी डेथ नावाच्या बँडचा 'स्क्रीम ब्लडी गोर' आणि मॉर्बिड एंजलचा 'ऑल्टर्स ऑफ मॅडनेस'. यादी झाली आणि 'सेव्हन चर्चेस' तेवढा हातात राहिला.

माझं मत आधी सांगतो, म्हणजे खोडायला सोपं जाईल. मी याला थ्रॅश मानतो. गेली वीस वर्षं मानत आलोय.

हा अल्बम माझ्या कानावर पहिल्यांदा पडला २००३ साली, पुण्यात हॉस्टेलवर. एका सीनियरने सीडी राइट करून दिली होती, तिच्यावर निळ्या मार्करने 'थ्रॅश ४' लिहिलेलं. त्यात आधी एक्सोडसचा 'बाँडेड बाय ब्लड' आणि त्याच्या पाठोपाठ हा. दोन्ही १९८५चे, दोन्ही सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या पोरांचे. त्यामुळे डोक्यात तो तिथेच जाऊन बसला. अजूनही एक्सोडसचं शेवटचं गाणं संपलं की माझा कान पियानोची वाट बघतो.

पण मार्करने लिहिलंय म्हणून मी हट्ट धरून बसलेलो नाही. गेल्या महिन्यात एका विद्यार्थिनीसाठी पहिलं गाणं, 'द एक्झॉर्सिस्ट', कागदावर उतरवत होतो. सुरुवातीला ती 'ट्युब्युलर बेल्स'ची धून येते, मग गिटार, मग ड्रम्स. पुढे पानभर जे लिहिलं ते बघून मला वाटलं, हा ठेका तर मी तिला जून महिन्यातच शिकवलाय. किक, स्नेअर, किक, स्नेअर, आळीपाळीने, उजवा हात झांजेवर. तोंडाने म्हणायचं तर धुम्-टक धुम्-टक धुम्-टक. पंकवाल्यांकडून थ्रॅशकडे आलेला हा ठेका स्लेयरमध्ये डेव्ह लोम्बार्डो वाजवतो, डार्क एंजलमध्ये जीन होग्लन वाजवतो, आणि इथे माइक सस वाजवतो. सस त्या दोघांइतका बांधीव नाही, फिलमधून (ठेक्याच्या मधल्या छोट्या तुकड्यातून) बाहेर पडताना त्याची लय जराशी पुढे पळते, आणि मला ते आवडतंही. पण ठेका तोच.

डेथ मेटल म्हटलं की माझ्या कानाला ब्लास्ट बीट हवा असतो. त्यात स्नेअर इतकी दाट पडते की ठेका असा कळतच नाही, आवाजाची एक भिंत उभी राहते. 'ऑल्टर्स ऑफ मॅडनेस'मध्ये पीट सँडोव्हल जे करतो ते. ते 'सेव्हन चर्चेस'मध्ये कुठेच नाही.

आता कोणीतरी म्हणणार की शेवटच्या गाण्याचं नावच 'डेथ मेटल' आहे. हो, आहे. १९८४च्या त्यांच्या डेमोचंही तेच नाव होतं. पण व्हेनमने १९८२मध्ये 'ब्लॅक मेटल' नावाचा अल्बम काढला, आणि आज तो ऐकून कोणी त्याला ब्लॅक मेटल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नॉर्वेच्या बँड्सच्या शेजारी बसवत नाही. मोटरहेडच्या शेजारी बसवतील. नावावरून जात ठरवायची नाही, असं मी मुलांना सांगत आलोय.

तर सांगा. मुद्दे हवेत, नुसतं 'डेथ आहे हो' नको.

उजवा_हात

दादा, मी कोल्हापूरचा, गिटार वाजवतो, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगतो. तुमचं ड्रम्सबद्दलचं सगळं खरं आहे. पण तो पुरावा तुमच्या कामाचा नाही, कारण तोच पुरावा तुमच्या रविवारच्या पहिल्या अल्बमलाही लागू पडतो. 'स्क्रीम ब्लडी गोर' काढा आणि फक्त त्यातला ड्रमर ख्रिस रायफर्ट ऐका. बहुतेक ठिकाणी तुमचंच धुम्-टक धुम्-टक. सँडोव्हलसारखी भिंत तिथेही नाही. मग तोही शनिवारी हलवणार का? नाही हलवणार, कारण तो डेथ मेटल आहे याबद्दल तुमच्या मनात शंकाच नाही. म्हणजे तुमचा कान ओळख पटवतो ती ड्रम्सवरून नाहीच, दुसऱ्याच कशावरून तरी पटवतो.

ते दुसरं काय, तर गिटारवाल्याचा उजवा हात आणि गळा.

माझी आई गाणं शिकवते. भूप आणि देशकार लहानपणापासून घरात ऐकलेत. स्वर तेच पाच, सा रे ग प ध. नुसते स्वर लिहून दिले तर कुठला राग ते सांगता येणार नाही. पण भूप गंधारावर रेंगाळतो, देशकार वरच्या अंगाला जाऊन धैवत धरून बसतो, आणि दोन ओळींत ओळख पटते. इथेही तसंच आहे. वेग तोच, ठेका तोच, डिस्टॉर्शन तेच. चलन वेगळं.

थ्रॅशचा रिफ (गिटारचा परत परत येणारा तुकडा) वाजवताना माझ्या उजव्या तळव्याची कड ब्रिजवर, म्हणजे तारा जिथे अडकवतात त्या पट्टीवर, टेकलेली असते. जाडी तार दाबून, कोंडून वाजते, झुक-झुक-झुक, आणि मधेच हात उचलून कॉर्ड मोकळी सोडायची. सगळी गंमत त्या कोंडण्यात आणि सोडण्यात. पाय आपोआप ठेका धरतो. 'द एक्झॉर्सिस्ट'चा मुख्य रिफ मी त्या हाताने वाजवून पाहिला. वाजत नाही. तळवा उचलावा लागतो. पिक वर-खाली सलग चालत राहतो, तार एकदाही कोंडत नाही, आणि डावा हात अर्ध्या-अर्ध्या स्वराने सरकत जातो. शेजारशेजारचे स्वर असे घासत नेले की घर कुठलं तेच कळेनासं होतं. थ्रॅशमध्ये घर कळतं. जाड्या तारेवर परत आलो की आलो. इथे परत आल्यासारखं वाटतच नाही.

सगळा अल्बम असा आहे असं मी म्हणत नाही. कोंडलेले रिफही भरपूर आहेत, आणि सोलो तर सरळ स्लेयरच्या घरातले, गिटारच्या बारला (स्वर वरखाली करायच्या दांड्याला) हिसके देत किंचाळणारे. पण जो हात पुढे फ्लॉरिडातल्या सगळ्या डेथ मेटलवाल्यांनी उचलला, तो इथे पहिल्यांदा अख्ख्या अल्बमभर चालताना दिसतो. मी रविवारच्या बाजूने.

बे_एरियातली

मी कॅलिफोर्नियात फ्रिमाँटला राहते, मूळची साताऱ्याची. पझेस्डची पोरं इथलीच, ईस्ट बेमधल्या एल सोब्रांटेच्या आसपासची, त्यामुळे माझा जरा जास्तच जीव आहे त्यांच्यावर. इतिहासाकडून दोन गोष्टी सांगते.

पहिली म्हणजे वय. बेसवर असणारा आणि गाणारा जेफ बेसेरा आणि गिटारवरचा लॅरी लालोंड, दोघंही सोळा वर्षांचे, शाळेत जाणारे. १९८५च्या ईस्टरच्या सुट्टीत रेकॉर्डिंग उरकलं, कारण नंतर शाळा होती. स्टुडिओ होता कोटाटीला, प्रेअरी सन, कोंबड्या पाळायच्या जुन्या फार्मवर उभा केलेला. इथून रिचमंडचा पूल ओलांडून वर उत्तरेला गेलं की येतं ते गाव. मी एकदा फक्त रस्त्यावरून बघून आले. शेतं, कुंपणं, आणि खूप शांतता. दहावी-अकरावीच्या वयाची मुलं सुट्टीत तिथे जाऊन हे करून आली, आणि आपण चाळीस वर्षांनी त्याला कुठल्या खणात ठेवायचं यावर बोलतोय. मला त्या मुलांचं फार कौतुक वाटतं.

दुसरी गोष्ट नावाची. व्हेनमचा दाखला मला इथे पुरता लागू वाटत नाही. बेसेराने सांगितलंय की 'डेथ मेटल' हे नाव त्याला शाळेत इंग्रजीच्या तासाला सुचलं, कारण 'स्पीड मेटल' आणि 'ब्लॅक मेटल' ही नावं आधीच घेतलेली होती. म्हणजे आपण जे वाजवतोय त्याला वेगळं काहीतरी म्हणायला हवं, हे त्या मुलाला तेव्हाच वाटत होतं. त्याचं मत पुरावा म्हणून धरायचं की नाही ते तुम्ही ठरवा. मी धरते.

तुमच्या बाजूचाही एक मुद्दा मीच देते, नाहीतर खोटेपणा होईल. त्या डेमोच्याच वर्षी, १९८४मध्ये, जर्मनीत नॉइझ रेकॉर्ड्सने 'डेथ मेटल' नावाचा संग्रह काढला होता. त्यात हेलहॅमर होते, पण त्यांच्या सोबत रनिंग वाइल्ड आणि हॅलोवीनही होते. हॅलोवीन, पुढे गोड चालींच्या पॉवर मेटलसाठी ओळखले गेलेले! म्हणजे तेव्हा हे दोन शब्द अजून कुणाच्या मालकीचे झाले नव्हते. १९८५चा कुठलाही अल्बम आजच्या खणांत बसवताना हे लक्षात ठेवायला हवं.

शेवटचं, तुमच्या यादीबद्दल. 'सेव्हन चर्चेस'चा निर्माता रँडी बर्न्स. 'स्क्रीम ब्लडी गोर'चाही तोच. शनिवारच्या 'डार्कनेस डिसेंड्स'चासुद्धा तोच. आणि रायफर्ट हा काँकर्डचा, एल सोब्रांटेपासून जवळच. डेथचा चक शुल्डिनर फ्लॉरिडाहून इकडे येऊन राहिला तेव्हा त्याला तो भेटला, आणि दोघांनीच तो अल्बम केला. गिटार, बेस, गाणं सगळं चकचं, ड्रम्स रायफर्टचे. चक पझेस्डचा मोठा चाहता होता. 'उजवा_हात' म्हणतात तो हात फ्लॉरिडात पोचला कसा, त्याचा रस्ता हा असा आमच्या अंगणातून जातो.

गर्जना_०४

मी सुरुवातच कॅनिबल कॉर्प्स आणि आपल्या मुंबईच्या गटस्लिटपासून केली, त्यामुळे मला हा डेथ मेटल वाटतच नाही, सॉरी. गाणाऱ्याचे शब्द चक्क कळतात. खर्जातला गुरगुराट कुठेय? पहिल्यांदा ऐकला तेव्हा मित्राला विचारलं होतं की चुकीची फाइल दिलीस का. अल्बम भारी आहे, पण थ्रॅश आहे. डोंबिवली_ड्रम्स सरांशी सहमत.

उजवा_हात

@गर्जना_०४, मित्रा, तू नदी समुद्राच्या तोंडाशी पाहिलीस आणि आता उगमापाशी जाऊन म्हणतोयस की पाणी कमी आहे. एक करून बघ. 'हेल अवेट्स'मधला स्लेयरचा गायक टॉम अराया ऐक, मग लगेच बेसेरा ऐक. दोन्ही १९८५चेच. अराया ओरडतो, पण आवाज त्याचा स्वतःचाच, फक्त मोठा केलेला. बेसेराचा आवाज घशात खाली जाऊन खरखरीत होऊन येतो, शब्दाचं टोक चिरडलं जातं. तिथून चक, चकनंतर फ्लॉरिडातले बाकीचे, मग तुझा कॅनिबल कॉर्प्सचा क्रिस बार्न्स. प्रत्येकजण एक पायरी खाली उतरला. पहिली पायरी वरच असणार.

काळोख_नगर

याला ब्लॅक मेटलमध्ये का धरत नाही कोणी? उलटा क्रॉस, सैतान, सगळं आहे की.

बे_एरियातली

@काळोख_नगर, विषयावरून धरायचं तर स्लेयरही तिथेच जाईल. तेव्हा सैतान सगळ्यांच्याच गाण्यांत होता.

डोंबिवली_ड्रम्स

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री क्लास सुटल्यावर, सगळे गेल्यावर, दार लावून बसलो आणि तुम्ही सांगितलं तसंच ऐकलं. आधी 'स्क्रीम ब्लडी गोर', फक्त ड्रम्सकडे कान लावून. 'उजवा_हात' बरोबर आहेत. मी हा अल्बम शंभरेक वेळा ऐकला असेल, पण ठेका मोजायला कधी बसलो नव्हतो. तो डेथ मेटल आहे हे गृहीत होतं, म्हणून त्यातल्या ठेक्याकडे मी कधी त्या संशयाने पाहिलंच नाही. माझ्या कसोटीवर तो अल्बमही पडतो. म्हणजे कसोटीच चुकीची. ब्लास्ट बीटची अट मी १९८९च्या अल्बमवरून उचलली आणि १९८५च्या पोरांना लावली.

मग 'सेव्हन चर्चेस' लावला. ड्रम्सकडे लक्ष जाऊ द्यायचं नाही असं ठरवलं, पण ते मला जमत नाही, हात मांडीवर चालू होतो. शेवटी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो आणि गिटारचा माग धरला. 'द एक्झॉर्सिस्ट'चा तो रिफ आला तेव्हा एक गोष्ट पहिल्यांदा लक्षात आली, ती गिटारवाल्यांना कदाचित ठाऊक असेल. स्लेयर ऐकताना गिटार आणि ड्रम्स एकमेकांच्या गळ्यात गळा घालून चालतात. गिटारची कोंडलेली तार जिथे फुटते तिथेच स्नेअर पडते, म्हणून ते ऐकताना मान हलते. इथे गिटार सलग वाहतेय, तिला खाचाच नाहीत, आणि सस खाली बिचारा धुम्-टक करत तिला मात्रा देतोय. दोघं वेगळ्या जागी आहेत. गिटार पुढे निघून गेली आहे आणि ड्रम्स अजून थ्रॅशमध्ये आहेत. मी वीस वर्षं 'लय पुढे पळते' म्हणत होतो. काल वाटलं, तो त्या गिटारला गाठायला धावतोय.

असल्या रिफखाली काय वाजवायचं ते तोपर्यंत कोणी धड ठरवलेलंच नव्हतं. त्याच्याकडे जो ठेका होता तो त्याने लावला. पुढे ड्रमरांनी ती जागा कशी भरली ते रविवारी मुलांना ऐकायला मिळेलच. हे मला शिकवायला हवं होतं आणि मी शिकवत नव्हतो, याची रात्रभर चुटपुट लागली.

गर्जना, तुझ्या म्हणण्यातलं एक मला अजूनही पटतं. गाण्यांची बांधणी थ्रॅशचीच आहे. कडवं, मग सगळ्यांनी मिळून ओरडायची ओळ, मग सोलो. 'डेथ मेटल' या गाण्यातसुद्धा ती ओळ माझी मुलं दुसऱ्यांदा आली की सोबत म्हणतील, बघशील तू. म्हणून मी याला निव्वळ डेथ मेटल म्हणणार नाही. पण कोणी 'पहिला डेथ मेटल अल्बम' म्हटलं तर आता भांडणार नाही. आणि मुलांनी विचारलं तर तेच सांगेन.

बे_एरियातली ताई, रँडी बर्न्सचं तुम्ही सांगितलंत त्यावरून यादी बदलली. रविवारी सकाळी साडेनऊला आधी 'सेव्हन चर्चेस', मधे पाच मिनिटं चहा, आणि लगेच 'स्क्रीम ब्लडी गोर'. निर्माता एकच, मधे दोनच वर्षं. मधे दुसरं काहीही लावणार नाही. आणि शनिवार संपवायचा तो 'डार्कनेस डिसेंड्स'ने, म्हणजे बर्न्सचं काम मुलांच्या कानात रात्रभर राहील. रेकॉर्डिंग कोंबड्यांच्या फार्मवर झालं हेही सांगणार आहे, माझ्या क्लासमध्ये तीन मुलं बरोबर सोळा वर्षांची आहेत.

'उजवा_हात', तुम्ही दिवाळीत डोंबिवली-ठाण्याच्या बाजूला येणार असाल तर कळवा. तो कोंडलेला हात आणि मोकळा हात मुलांना समोर बसून दाखवायला कोणीतरी हवंय. छोटा अँप आहे क्लासमध्ये, फक्त गिटार आणा.

उजवा_हात

भाऊबीजेला बहिणीकडे कल्याणला येतोय. रविवारी नऊपर्यंत पोचतो. तुमच्याकडे जॅक आहे का, की तोही आणू?

डोंबिवली_ड्रम्स

आणा. इथला खरखर करतो.